हँक विल्यम्सच्या मागची तार

हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी गेला तेव्हा अवघा २९ वर्षांचा होता. अमेरिकी कंट्री संगीतात त्याचं नाव ज्या गाण्यांवर उभं आहे, त्यांतली बरीचशी शेवटच्या चार-पाच वर्षांत ध्वनिमुद्रित झाली. ती ऐकताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. हँक ओळ संपवतो, श्वास घेतो आणि तेवढ्या फटीत मागून दुसरा कुणीतरी गायला लागतो. शब्द नाहीत, पण सूर गळ्यातून यावा तसा ओढलेला, वर चढताना किंचित कातर होणारा. हा दुसरा गवई म्हणजे स्टील गिटार. ती वाजवणारा बहुतेक वेळा अलाबामाचा डॉन हेल्म्स असायचा आणि काही सुरुवातीच्या, अतिशय गाजलेल्या गाण्यांत ओहायोचा जेरी बर्ड.

तारेचा आवाज माणसाच्या गळ्याइतका जवळ जातो कसा, याचं उत्तर थोडं तारेत, थोडं हातात आणि बरंचसं आपल्या कानात आहे.

आधी तार. ताण आणि जाडी तीच ठेवून तारेची लांबी निम्मी केली, की कंप्रता दुप्पट होते आणि सूर एक सप्तक वर जातो. साध्या गिटारवर ही लांबी धातूचे फ्रेट, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या बारीक सळया, ठरवतात. बोट फ्रेटच्या मागे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे पडलं, तरी तार त्याच फ्रेटवर टेकते आणि सूर तोच येतो. चूक पोटात घालणारी ही रचना आहे. स्टील गिटारमध्ये ती सोय काढून टाकलेली असते. वाद्य मांडीवर किंवा स्टँडवर आडवं ठेवलेलं, तारा पट्टीपासून उंच, आणि डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत, जड दांडा. दांडा तारांवर जिथे टेकेल तिथे सूर. पट्टीवर फ्रेटच्या रेषा असतात, पण त्या नुसत्या रंगवलेल्या, डोळ्यांच्या आधारासाठी.

या स्वातंत्र्याची किंमत मोजता येते. संगीतशास्त्रात एका अर्धस्वराचे शंभर भाग करतात आणि प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. मुरलेल्या कानाला पाच-सहा सेंटचा फरक कळतो. तारेची मोकळी लांबी ६० सेंटिमीटर धरू. पाचव्या रेषेवर दांडा एक मिलिमीटर सरकला, तर सूर जवळजवळ चार सेंटने बदलतो. हे अजून खपून जाईल. बाराव्या रेषेवर तोच एक मिलिमीटर पावणेसहा सेंट होतो. एकोणिसाव्या रेषेच्या आसपास, तार २० सेंटिमीटर उरलेली असताना, साडेआठ सेंटपेक्षा जास्त. म्हणजे जितकं वर जाल तितकी चुकायला जागा कमी. आणि हेल्म्सचं नाव झालं ते नेमकं वरच्या सुरांसाठी.

तिथे तो आपणहून गेला नव्हता. हँकच्या गाण्यांचा प्रकाशक आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रं सांभाळणारा फ्रेड रोज याने त्याला वर वाजवायला सुचवलं. रोज मुळात गीतकार आणि पियानोवादक, ध्वनिशास्त्रज्ञ नव्हे. पण त्याचा सल्ला कानाच्या रचनेला धरून होता. आपल्या अंतर्कर्णातल्या शंखात वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या जागी पोचतात. दोन आवाज कंप्रतेने खूप जवळ असले, तर ते एकाच जागेसाठी भांडतात आणि मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. ५०० हर्ट्झच्या आसपास ही जागा साधारण १०० हर्ट्झ रुंदीची असते. शिवाय हे झाकणं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. खालचा दणदणीत सूर वरच्या सुरांना जेवढा झाकतो, तेवढा वरचा सूर खालच्याला झाकत नाही. पुरुषी गळ्याचा मूळ सूर साधारण १०० ते ४०० हर्ट्झमध्ये फिरतो. स्टील गिटार त्याच टप्प्यात वाजली, तर गायक आणि वाद्य एकमेकांच्या पायात पाय घालणार. ३३० हर्ट्झला लावलेल्या तारेवर दांडा बाराव्या रेषेवर नेला, की सूर ६६० ला जातो, गळ्याच्या मूळ सुरापासून दूर.

तरी भांडण पूर्ण मिटत नाही, कारण गळ्याचे उपस्वर (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतेचे सूर) आणि व्यंजनांची फुरफुर बरीच वरपर्यंत पोचते. म्हणून हेल्म्स बहुतेक वेळा ओळींच्या मधे वाजवतो आणि शब्द सुरू झाले की मागे सरतो. उंची आणि वेळ, दोन्हींनी वाट मोकळी.

दुसरं कारण ऐकण्याच्या जागेचं. ही गाणी लोक रेडिओवर आणि दारूच्या अड्ड्यांतल्या ज्यूकबॉक्सवर ऐकत. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम केंद्र ६५० किलोहर्ट्झवर ५०,००० वॅटने प्रक्षेपण करी आणि रात्री ते अनेक राज्यांत ऐकू जाई, पण सोबत खरखरही असेच. लहान स्पीकरमध्ये खर्जाचे सूर विरून जातात. आपला कान सर्वांत तल्लख असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी कानाच्या या पक्षपाताचे आलेख १९३३ मध्येच प्रसिद्ध केले होते. वरच्या तारेचे उपस्वर नेमके तिथे पडतात. ग्लासांच्या खणखणाटातून आणि गप्पांमधून तेच पार होतात.

आता त्या कातरपणाकडे. माणूस बोलताना किंवा रडताना पायऱ्या चढल्यासारखे सूर लावत नाही, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जातो. मींड ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे वेगळं सांगायला नको. पण युरोपीय घडणीच्या पियानो किंवा फ्रेटवाल्या गिटारला अशी सलग घसरण जमत नाही. दांड्याला जमते. त्यावर दांडा किंचित पुढेमागे हलवून सुराला कंप देता येतो, अनेकदा गायकाच्या कंपाइतकाच, सेकंदाला पाच-सात वेळा. अशा कंप पावणाऱ्या सुराची उंची कान साधारण सरासरीवर ठरवतो. म्हणजे तो कंप नुसता शृंगार नाही, तर वर सांगितलेल्या एका मिलिमीटरच्या चुकीवरचं पांघरूणही आहे. वादक हे उघडपणे कबूल करत नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

गळ्याचा भास होण्यात आणखी एका गोष्टीचा मोठा वाटा आहे. छेडलेली तार सुरुवातीला ठण्कन वाजते आणि मग विरत जाते. कोणतं वाद्य वाजतंय हे आपण बऱ्याच अंशी या पहिल्या ठोक्यावरून ओळखतो. ध्वनिमुद्रणातून तो क्षण कापून टाकला, तर जाणकारही वाद्य ओळखताना गडबडतात. स्टील गिटारवादक पायाखाली आवाज कमी-जास्त करणारं पेडल ठेवतो. तार छेडताना आवाज दाबलेला, मग हळूहळू उघडत जायचा. ठोका लपतो, आणि तार ज्या वेगाने विरते त्याच वेगाने पेडल उघडलं तर सूर एकाच जोराने लांबत राहतो. तार छेडल्याची खूणच पुसली, की मेंदूला तो आवाज गळ्याजवळचा वाटू लागतो.

अर्थात लांबवायला मुळात काहीतरी उरलं पाहिजे. साध्या गिटारची लाकडी पेटी तारेची ऊर्जा भराभर हवेत सोडते, म्हणून ती मोठ्याने वाजते आणि लवकर थांबते. विजेच्या स्टील गिटारला पेटीची गरज नाही. तारेखाली चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. ठोकळा भरीव असला तरी चालतं, आणि ऊर्जा तारेतच जास्त वेळ टिकते. जड दांडाही मदत करतो. बोटाची मऊ कातडी कंपनं शोषून घेते, पोलाद ती जवळजवळ पूर्ण परत फेकतं. दांड्यामागच्या तारेचा तुकडा मात्र नको तिथे किणकिणतो. तो डाव्या हाताची मागची बोटं अलगद टेकवून गप्प करायचा.

व्यापारी यश मिळालेली पहिली विजेची गिटार ही मांडीवरची स्टील गिटारच होती, हे रॉक संगीताच्या भक्तांना सहसा माहीत नसतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरने ती ओतीव ॲल्युमिनियमची बनवली आणि तिच्या आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत तिचे सूर हलत. पुढे बेकेलाइट या कडक प्लॅस्टिकची आवृत्ती आली. दांडा सरकवून वाजवण्याची पद्धत त्याआधीच हवाई बेटांतून आली होती. तिचं श्रेय ओआहूवरच्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाला देतात. हीच पद्धत आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून रुजली. मुंबईच्या हिंदी चित्रपट वाद्यवृंदांत व्हॅन शिप्लेने ती वाजवली आणि ब्रिजभूषण काब्रांनी ती रागसंगीतात नेली.

स्टील गिटारचं झंकारणं गोड का लागतं, यालाही एक गणित आहे. पियानोसारख्या स्वरजुळणीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तिथे ३२९.६ हर्ट्झच्या षड्जावर तीव्र गंधार (आपल्याकडचा शुद्ध) ४१५.३ हर्ट्झला पडतो. निसर्गाचा गंधार मात्र ५:४ या प्रमाणात, म्हणजे ४१२ हर्ट्झला. फरक १४ सेंटचा. खालच्या सुराचा पाचवा उपस्वर १६४८ हर्ट्झ आणि वरच्याचा चौथा १६६१. त्यांच्यात सेकंदाला १३ विस्पंद, म्हणजे आवाजाचे हेलकावे, होतात आणि सुरावर बारीक खरखर चढते. जुळलेल्या तानपुऱ्यात आपोआप उमटणारा गंधार हा ५:४ चाच असतो. हार्मोनियमवरचा आपला जुना रोष, ज्यापायी आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदीही घातली, त्यात या १४ सेंटांचा वाटा होता. स्टील गिटारवादक तारा कानाने लावताना गंधार थोडा उतरवून ठेवतात. मग सरळ दांडा कुठल्याही रेषेवर नेला, तरी सगळ्या तारा एकाच प्रमाणात आखूड होतात आणि शुद्ध प्रमाण जसंच्या तसं वर सरकतं. फ्रेटवाल्या गिटारला हे सुख नाही.

पण याच गुणात मर्यादाही आहे. सरळ दांड्याखाली सगळे सूर एकत्रच चढतात आणि एकत्रच उतरतात. एक सूर तिथेच ठेवून दुसरा हलवायचा तर दांडा तिरपा धरावा लागतो, आणि वरच्या रेषांवर, जिथे अंतरं आखडलेली असतात, हे फार कठीण. जेरी बर्ड या तिरक्या दांड्याचा उस्ताद होता. हँकच्या १९४९ च्या 'आय एम सो लोनसम आय कुड क्राय' मध्ये तोच आहे. पुढे तारांचा ताण बदलून सूर चढवणाऱ्या पेडलांची (आवाजाच्या पेडलापेक्षा वेगळ्या) लाट आली तेव्हा त्याने ती घेतलीच नाही आणि १९७२ मध्ये तो सरळ हवाईला राहायला गेला. मला हा हट्ट आवडतो.

लाट आली ती हँकच्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत. नोव्हेंबर १९५३ मध्ये गायक वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. दांडा जागच्या जागी, पण दोन तारा चढल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या. पेडलं त्याआधीही होती. वाद्यं बनवणाऱ्या पॉल बिग्स्बीने कॅलिफोर्नियात ती बनवली होती, स्टीलवादक स्पीडी वेस्टकडे ती १९४८ पासून होती. पण त्यांचा उपयोग मुख्यतः तारांची जुळणी बदलण्यासाठी व्हायचा, चढतानाचा आवाज ऐकवण्यासाठी नव्हे. १९५४ मध्ये 'स्लोली' कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं आणि नॅशव्हिलचे स्टीलवादक पेडलांमागे धावले. हँकनंतर त्याचे वादक काही काळ ज्या गायक रे प्राइसबरोबर होते, त्याच्याकडे पुढे जिमी डे आणि बडी एमन्स हे स्टीलवादक आले. आयझॅक्स एका पेडलने जे दोन सूर एकत्र चढवत असे, ते या दोघांनी दोन पेडलांत वाटून टाकले.

यात यंत्राचं काम किती नाजूक आहे बघा. ०.०१७ इंच जाडीची पोलादी तार २४७ हर्ट्झला लावली, तर तिच्यावर सुमारे १० किलोचा ताण असतो. पूर्ण एक स्वर चढवायला ताण २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे जवळजवळ १३ किलो. त्यासाठी तार ताणावी लागते फक्त अर्धा मिलिमीटर. त्या अर्ध्या मिलिमीटरात २०० सेंट मावतात, तेव्हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक चार सेंटची होते. पेडलाचे सांधे झिजले, तर ती लगेच कानावर येते. आणि दोन-तीन तारांचा ताण एकदम वाढला की वाद्याचा सांगाडा केसभर वाकतो, बाकीच्या तारा सैलावतात आणि दोन-चार सेंट उतरतात. आजही चांगला वादक वाद्य विकत घेताना हे उतरणं आधी मोजतो.

हेल्म्सने सूर चढवणाऱ्या या पेडलांशिवायच भागवलं. आठ-आठ तारांच्या दोन पट्ट्या शेजारी असलेलं गिब्सन कंपनीचं वाद्य घेऊन तो पुढेही ध्वनिमुद्रणं करत राहिला. १९५६ मध्ये गायिका पॅट्सी क्लाइनच्या 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' मध्ये तो आहे. २००८ मध्ये तो गेला. त्याच्या वाजवण्यात सुरांची गर्दी जवळजवळ नाही आणि माझ्या मते ती त्याला पेडलं नसल्यामुळेच करता आली नाही. फरक ऐकायचा असेल तर हँकचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' आणि पिअर्सचं 'स्लोली' पाठोपाठ लावा, गायकाकडे दुर्लक्ष करा. पहिल्यात जोडीचे सूर हातात हात घालून वर जातात. दुसऱ्यात एक सूर जागेवर थांबतो आणि दुसरा त्याला सोडून निघतो.