नऊ गड्यांचा व्हॉलीबॉल आणि उत्तर अमेरिकेतील चायनाटाउन

नऊ गड्यांचा व्हॉलीबॉल हा अमेरिका आणि कॅनडा येथील चिनी वस्त्यांमध्ये १९३० च्या दशकापासून रस्त्यांवर, वाहनतळांवर आणि वस्तीतील छोट्या डांबरी मैदानांवर खेळला जाणारा व्हॉलीबॉलचा एक प्रकार आहे. ह्यात प्रत्येक बाजूस सहाऐवजी नऊ गडी असतात, मैदान नेहमीपेक्षा मोठे आणि नेट थोडे खाली असते आणि गडी आपापल्या जागा सोडून फिरत नाहीत. कँटोनीज भाषेत त्याला ‘गाउ यान पाय खाउ’ असे म्हणतात, तर तेथेच जन्मलेली इंग्रजी बोलणारी पिढी ‘नाइन-मॅन’ एवढेच म्हणते. चायनाटाउनविषयीच्या बहुतेक माहितीपर लेखनात कमानी, देवळे आणि खाणावळी येतात, ह्या खेळाचा मात्र उल्लेखही नसतो. वास्तविक ह्या वस्त्यांत कोण राहात होते, कोणत्या कायद्यांनी त्यांना तसे राहायला लावले आणि वस्तीची मोकळी जमीन पुढे कोणाच्या घशात गेली, हे सर्व ह्या खेळाच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या रंगीत कमानीखाली उभे राहून क्वचितच दिसेल.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथे वाय.एम.सी.ए. ह्या ख्रिस्ती युवक संघटनेच्या व्यायामशाळेत झाला. विल्यम मॉर्गन ह्यांनी मध्यमवयीन सभासदांना झेपेल असा हा खेळ तयार केला आणि गड्यांची संख्या काटेकोर ठरवलेली नव्हती. वाय.एम.सी.ए.च्याच प्रचारकांनी तो पूर्व आशियात नेला. मनिला येथे १९१३ मध्ये भरलेल्या अतिपूर्वेकडील देशांच्या क्रीडास्पर्धेत तो प्रत्येकी १६ गड्यांनिशी खेळला गेला, १९१९ मध्ये ही संख्या १२ वर आली आणि १९२७ च्या शांघाय येथील स्पर्धेत ९ झाली. अमेरिकेत मात्र १९१८ पासूनच सहा गड्यांचा नियम रूढ झालेला होता. अशा रीतीने एकाच खेळाच्या दोन शाखा झाल्या. आशियात गडी अधिक ठेवण्यामागे, खेळू इच्छिणाऱ्यांची गर्दी मोठी आणि मैदाने मोजकी, हे साधे कारण सांगितले जाते व ते पटण्यासारखे आहे. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांशी जुळवून घेण्यासाठी चीनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा गड्यांचा खेळ स्वीकारला. तोपर्यंत समुद्रापलीकडे गेलेल्यांनी मात्र आपल्याबरोबर नेलेला जुना प्रकार तसाच जपला.

हे समुद्रापलीकडे गेलेले लोक मुख्यतः दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील तैशान ह्या जिल्ह्याचे होते. तैशान, काइपिंग, शिन्हुइ आणि एनपिंग हे चार जिल्हे मिळून सीयी, कँटोनीज उच्चारानुसार सेयाप, हा प्रदेश होतो. १९ व्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षे उत्तर अमेरिकेत पोहोचलेल्या चिनी माणसांतले बहुसंख्य ह्याच टापूतून आले. तैशानमध्ये व्हॉलीबॉल गावोगाव रुजला होता आणि आजही तो जिल्हा चीनमध्ये व्हॉलीबॉलचे माहेरघर म्हणून ओळखला जातो. मराठी वाचकाला ह्या नावाचा एक धागा जवळच सापडेल : मुंबईत माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर ‘सी यप कून’ नावाचे जे चिनी देऊळ उभे आहे, त्याच्या नावातील ‘सी यप’ म्हणजे हेच चार जिल्हे होत. गोदी आणि जहाजांच्या आधाराने मुंबईत स्थिरावलेल्या चिनी लोकांची ती वस्ती १९६२ च्या युद्धानंतर जवळजवळ ओसरली आणि देऊळ तेवढे राहिले.

अमेरिकेत आलेल्या तैशानी माणसाच्या वाट्याला कोणते जीवन आले, हे समजल्याशिवाय ह्या खेळाचे रूप कळत नाही. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ बंद केले आणि १८८२ च्या बहिष्कार कायद्याने मजुरांचा प्रवेश रोखून चिनी माणसाला नागरिकत्वही नाकारले. कॅनडाने १८८५ मध्ये प्रत्येक चिनी आगंतुकावर ५० डॉलरचा डोईकर बसवला, तो १९०३ पर्यंत ५०० डॉलरवर नेला आणि १९२३ मध्ये दारच लावून घेतले. परिणामी अमेरिकेतील १८९० च्या जनगणनेत चिनी लोकांमध्ये दर स्त्रीमागे सुमारे २७ पुरुष होते. बायकामुले गावी आणि पुरुष परदेशी, अशी ही वस्ती ‘ब्रह्मचाऱ्यांचा समाज’ म्हणून ओळखली गेली, यद्यपि त्यांतले कितीतरी जण विवाहित होते. अन्य व्यवसायांची दारे बंद असल्यामुळे ते धुलाईघरांत आणि खाणावळींत राबत. हाताने धुण्याच्या आणि इस्त्रीच्या कामात दिवसाचे बारा-चौदा तास जात, दुकानाच्या मागच्याच खोलीत झोपणे असे आणि आठवड्यातून एखादी दुपार मोकळी मिळे. त्या दुपारी चायनाटाउनमध्ये येऊन गावचे लोक भेटणे, पत्र वाचून घेणे, जेवणे आणि गल्लीत दोरी बांधून चेंडू खेळणे, हाच विरंगुळा होता. ज्या खेळात एकदम अठरा जण सामावतात आणि ज्याला एक चेंडू व एक दोरी पुरते, तो अशा माणसांनी उचलला ह्यात नवल नाही. मॅसॅच्युसेट्सच्या व्यायामशाळेतून निघालेला खेळ ग्वांगडाँगच्या खेड्यांतून फिरून धुलाईवाल्यांबरोबर पुन्हा मॅसॅच्युसेट्सला आला, तेव्हा त्याच्या जन्मगावाच्या राज्यात तो परका झाला होता.

एका शहराच्या चायनाटाउनने दुसऱ्या शहराच्या चायनाटाउनला आव्हान देण्याची पद्धत १९३० च्या दशकात बोस्टन आणि प्रॉव्हिडन्स ह्यांच्यातील सामन्यांपासून सुरू झाली असे मानले जाते. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून तिला वार्षिक स्पर्धेचे स्वरूप आले आणि त्यातूनच ‘उत्तर अमेरिकन चिनी निमंत्रित व्हॉलीबॉल स्पर्धा’ उभी राहिली. ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगारदिनाला जोडून भरते. बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, टोरोंटो, मॉन्ट्रियल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा शहरांकडे यजमानपद आळीपाळीने जाते. पाहुण्या संघाने रात्रभर गाडी चालवून यायचे, दिवसभर खेळायचे आणि संध्याकाळी यजमान शहराच्या चिनी खाणावळीत एकत्र जेवायचे, हा रिवाज खेळाइतकाच महत्त्वाचा मानला जातो. बहिष्काराचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, पण त्या वेळी चिनी लोकांच्या प्रवेशासाठी ठरलेला वर्षाचा कोटा फक्त १०५ माणसांचा होता. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या वस्त्यांना एकमेकांची ओळख ठेवायला अशा भेटींखेरीज दुसरे निमित्त फारसे नव्हते. युद्धानंतर सैनिकांच्या पत्नींना प्रवेश मिळाला, घरे वसली, मुले झाली आणि १९६० च्या सुमारास वस्त्यांतल्या तरुणांनी आपापल्या शहरांत रीतसर क्लब काढले.

खेळाचे नियम वरवर ओळखीचे वाटतात, पण खेळताना त्यांचा परिणाम फार वेगळा होतो. मैदान १८ मीटर बाय ९ मीटरऐवजी २० मीटर बाय १० मीटर असते. पुरुषांचे नेट आंतरराष्ट्रीय सामन्यांत २.४३ मीटर उंच असते, येथे ते २.३५ मीटरवर येते. सहा गड्यांच्या खेळात सर्व्हिस मिळाली की सर्व गडी एकेक जागा सरकतात, त्यामुळे उंच माणसालाही कधीतरी मागे जाऊन चेंडू उचलावा लागतो. येथे सर्व्हिसची पाळी फिरते, माणसे फिरत नाहीत. पुढच्या फळीतला पूर्ण सामना पुढेच उड्या मारतो आणि मागच्या फळीतला पूर्ण सामना मागेच लोळण घेतो. साहजिकच प्रत्येक जागेसाठी वेगळ्या अंगकाठीचा आणि वेगळ्या स्वभावाचा गडी तयार होतो, आणि साडेपाच फुटी चपळ माणसालाही संघात कायमची व मानाची जागा मिळते.

सर्वांत निर्णायक नियम ब्लॉकचा, म्हणजे नेटाजवळ उडी मारून हातांनी चेंडू अडवण्याचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ब्लॉक करताना चेंडूला झालेला स्पर्श संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांत मोजला जात नाही, येथे तो मोजला जातो. म्हणजे ब्लॉक करणाऱ्याच्या बोटांना चेंडू चाटून आपल्याच बाजूला पडू लागला, तर उरलेल्या दोन स्पर्शांतच तो उचलून पलीकडे मारावा लागतो आणि सावकाश सेट करायला, म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू वर उचलून द्यायला, सवड उरत नाही. त्यातून ह्या खेळाची घाईची, खालून वेगात सरकणाऱ्या चेंडूंची आणि एकाच वेळी तीन-चार जणांनी उडी मारून फसवण्याची शैली घडली आहे. नेटाजवळ चेंडू हाताळण्याच्या बाबतीतही पंच बरेच सैल असतात. सहा गड्यांच्या खेळात जो स्पर्श ‘उचलला’ म्हणून बाद ठरेल, तो येथे कित्येकदा चालतो. विद्यापीठाच्या संघातून आलेला चांगला खेळाडू पहिल्या वर्षी येथे गोंधळतो तो ह्यामुळेच.

शिवाय खाली लाकडी जमीन नसते. डांबरावर पट्ट्या चिकटवून रेघा आखतात, नेटाचे खांब वजने ठेवून आणि दोऱ्यांनी ताणून उभे करतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात ते डांबर तापते, आणि चेंडूसाठी झेप घेणाऱ्याची कोपरे-गुडघे सोलवटतात. ही सालटी क्लबांमध्ये अभिमानाने दाखवली जातात. हा अभिमान थोडा पोरकट असला तरी समजण्यासारखा आहे.

ही डांबरी मैदाने कोठे आहेत हे पाहिले की प्रत्येक चायनाटाउनची हकीकत उलगडू लागते. बोस्टनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील वस्तीतून १९५० च्या दशकात ‘सेंट्रल आर्टरी’ हा उन्नत महामार्ग नेण्यात आला, तेव्हा नुकत्याच बांधलेल्या चिनी व्यापारी संघाच्या इमारतीचा एक भागही पाडावा लागला. पुढच्या दशकात मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकसाठी हडसन रस्त्याची एक बाजू जमीनदोस्त झाली आणि शेकडो माणसे विस्थापित झाली. आज ज्या मैदानावर बोस्टनचे संघ सराव करतात ते नीलंड रस्त्यालगत, महामार्गाच्या उतारांच्या कुशीत अडकलेले आहे. पूर्वी त्याला पॅगोडा पार्क म्हणत. आता त्याला ‘बोस्टन नाइट्स’ क्लबाच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या रेजी वाँग ह्यांचे नाव देण्यात आले आहे. वस्तीला मैदान मिळाले ते रस्त्यांनी खाऊन उरलेल्या तुकड्यावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वॉशिंग्टनमध्ये मूळ चायनाटाउन पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवर होते. सरकारी कचेऱ्यांच्या बांधकामासाठी १९३० च्या दशकात ते उठवून एच रस्त्यावर बसवण्यात आले. तेथे १९८६ मध्ये भव्य मैत्री-कमान उभी राहिली आणि १९९७ मध्ये शेजारीच प्रचंड बंदिस्त क्रीडागृह आले. त्यानंतर भाडी वाढत गेली. आता दुकानांवर चिनी अक्षरे दिसतात, पण त्या दुकानांच्या वर राहणारी चिनी कुटुंबे फार थोडी उरली आहेत. ह्याच शहराकडे यजमानपद आले असताना पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यू बंद करून, संसदभवनाच्या पार्श्वभूमीवर, रस्त्यात नेट लावून सामने झालेले आहेत. ज्या रस्त्यावरून वस्ती उठवली गेली तोच रस्ता तिच्या नातवंडांना काही तासांपुरता खेळायला मिळाला.

टोरोंटोचे पहिले चायनाटाउन एलिझाबेथ रस्त्याच्या परिसरात होते. त्याचा मोठा भाग १९६५ मध्ये उघडलेल्या नव्या नगरभवनासाठी आणि त्यासमोरच्या चौकासाठी पाडण्यात आला आणि वस्ती पश्चिमेला स्पाडायना रस्त्याकडे सरकली. फिलाडेल्फियाची वस्ती व्हाइन रस्त्याच्या द्रुतगती मार्गाने दुभंगली, परंतु २००० मधील बेसबॉल मैदानाची योजना तिने लढून परतवली, आणि बास्केटबॉलच्या क्रीडागृहाची योजनाही जानेवारी २०२५ मध्ये सोडून देण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये मॉट आणि पेल रस्त्यांभोवतीची वस्ती पूर्वेकडे पसरत गेली तसे सेवर्ड पार्कचे मैदान ह्या खेळाचे ठाणे बनले. १९०३ मध्ये खुले झालेले हे क्रीडांगण मुळात तेथील यहुदी स्थलांतरितांच्या मुलांसाठी होते. सॅन फ्रान्सिस्कोत, उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुन्या चायनाटाउनात, दाटीमुळे मुलांना खेळायला १९२७ पर्यंत एकही सार्वजनिक मैदान नव्हते. त्या वर्षी सॅक्रामेंटो रस्त्यावर मिळाले ते एका उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेले छोटेसे क्रीडांगण होते.

स्त्रियांचा प्रवेश ह्या परंपरेत उशिरा झाला आणि तोही वेगळ्या दाराने. वार्षिक स्पर्धेत स्त्रियांचे सामने होतात, परंतु ते सहा गडी आणि आंतरराष्ट्रीय नियम घेऊन. नऊ गड्यांचा प्रकार पुरुषांपुरताच राहिला. ज्या वस्तीत एकेकाळी स्त्रियाच नव्हत्या तिच्या खेळात हे घडणे समजते. आज संघांचे व्यवस्थापन, यजमानपदाची तयारी आणि निधी गोळा करणे ह्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असताना ही विभागणी केवळ सवयीने टिकून आहे असे दिसते.

ह्याहून अधिक वादग्रस्त नियम वंशाचा आहे. मुख्य स्पर्धेत मैदानावरील दोन-तृतीयांश गडी, म्हणजे नवांपैकी सहा, पूर्ण चिनी वंशाचे असावे लागतात. उरलेल्यांचे कूळ पूर्व किंवा आग्नेय आशियातले असावे लागते. नियमाचे समर्थक म्हणतात की इतर सर्व खेळांत चिनी मुलाला उंचीवरून आणि चेहऱ्यावरून बाजूला बसवले जाते, तेव्हा एक मैदान तरी त्याचे असू द्यावे. टीकाकार म्हणतात की ज्या समाजाला रक्ताच्या हिशेबाने देशाबाहेर ठेवले गेले त्यानेच आपल्या मुलांच्या रक्ताचा हिशेब मांडावा हे विचित्र आहे. मिश्र विवाहांतून जन्मलेल्या, आजोबांपासून ह्याच क्लबात वाढलेल्या मुलाला संघात बसवताना प्रशिक्षकाला आकडेमोड करावी लागते, तेव्हा दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक बोचते. तरीही पहिल्या बाजूचा मुद्दा नुसता हट्ट म्हणून झटकून टाकता येत नाही.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेतील कोटा-पद्धती संपल्यावर हाँगकाँग, तैवान आणि पुढे फूज्यानमधून नवे लोक आले. तैशानी बोलीची जागा आधी कँटोनीजने आणि नंतर बऱ्याच ठिकाणी मँडरिनने घेतली. जुन्या कुटुंबांची मुले उपनगरांत राहायला गेली. आज ह्या खेळातील बरेच गडी अभियंते, औषधविक्रेते किंवा विद्यार्थी आहेत आणि सरावासाठी मोटारीने चायनाटाउनमध्ये येतात. संघांची संख्या इतकी वाढली आहे की अनेक शहरांत वार्षिक स्पर्धा वस्तीतल्या रस्त्यांवर मावत नाही आणि ती प्रदर्शन-सभागृहांत, आखून दिलेल्या गुळगुळीत मैदानांवर भरवावी लागते. न्यूयॉर्क आणि बोस्टन येथील उन्हाळी छोट्या स्पर्धा मात्र अजून डांबरावरच होतात, आणि तेथे बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे गडी प्रत्येक चुकलेल्या चेंडूवर तैशानी बोलीत शेरे मारत असतात.