रेंजरच्या फ्रेमवर हलके पार्ट : वाद मागच्या चाकाचा

काळ्या सायकलीला हलकं करण्याच्या फंदात मराठवाड्यात फारसं कुणी पडलं नाही. विलायती माल मागे पडून लुधियाना, सोनीपत, मद्रासच्या सायकली आल्या, त्याही वीस किलोच्या घरातल्या. लोक त्यांना उलट आणखी जाड कॅरिअर जोडून घेत. शिवाय 28 इंची रिंगचं माप, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास, 635 मिमी, आणि रॉड ब्रेकचे रबर रिंगला आतून दाबतात. तिथे 622 मिमीची हलकी अ‍ॅलॉय रिंग बसवली, तर ब्रेकची सगळी बैठकच बिघडते.

खरी सोय झाली ती नव्वदीनंतर, सरळ हँडलच्या ‘रेंजर’मुळे. फ्रेम जड लोखंडाची, पण चाक जगभर चालणारं 26 इंची, 559 मिमीचं. गेरच्या बऱ्याच मॉडेलांत मागचा गाळाही, म्हणजे फ्रेममध्ये चाक बसतं ती जागा, 135 मिमीचा, म्हणजे चांगल्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) चालणारा. पोरांनी आधी बदलली ती लोखंडी रिंग, आणि बरोबरच केलं. क्रोमची रिंग ओली झाली की ब्रेक नावालाच उरतो. खालून काळ्या मातीचा चिखल, समोर उतार, अशा वेळी वजनाचा हिशोब नंतर.

पुढे 200 किमीच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, आल्या. साडेतेरा तासांची मुदत, त्यामुळे स्वस्त फ्रेमवर पुण्या-मुंबईकडचे उतरवलेले पार्ट चढू लागले. फ्रीव्हील म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा, खटक्यासकट दात्र्यांचा गठ्ठा; कॅसेटमध्ये खटका हबमध्येच असतो आणि त्यावर नुसत्या दात्र्या सरकवतात. फ्रीव्हील ठेवायचं की कॅसेटचं चाक घ्यायचं, हा वाद तिथूनच तापला.

फ्रीव्हीलवाले म्हणतात, कुत्री (आतले खटके) घासली तर अख्खं फ्रीव्हील फिरवून काढा, नवं लावा. तालुक्याच्या दुकानातही मिळतं. खरं आहे. पण सात दात्रीचं फ्रीव्हील हबच्या बाहेर बसतं, उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचं टोक आधाराविना उरतं. खड्ड्यात एक्सल वाकतो तो तिथेच. कॅसेट हबमध्ये हे छर्रे थेट गाळ्याच्या कडेजवळ येतात. ही रचना 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून बाजारात आली. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त सायकलीत अजून पोचायची आहे.

‘कॅसेट घेतली की शिफ्टर (हँडलवरचा गेरचा खटका), डिरेलर (चेन एका दात्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), चेन सगळं बदला’ ही भीती दुकानदारांनी वाढवलेली. आठ गेरच्या हबवर साडेचार मिमीचा स्पेसर (जाडीची रिंग) टाकला की सात गेरची कॅसेट बसते, आणि जुना शिफ्टर व चेन तशीच चालते. आठवा गेर हवा असेल तेव्हा शिफ्टर बदलावा. चेन तेव्हाही सहसा तीच चालते. जड माणसाने, किंवा मागे ओझं बांधणाऱ्याने, फ्रीव्हीलचा हट्ट धरू नये असं माझं मत. गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्याला काही फरक पडत नाही.

आता स्वस्त सायकलीही डिस्क ब्रेकच्या, साडेसत्तावीस किंवा 29 इंची येतात. तिथे जुनं हलकं चाक घेताना हबवर डिस्कच्या सहा बोल्टांची जागा आहे का, हे आधी बघावं लागतं. रिंग ब्रेकचं चाक कितीही हलकं असलं, तरी त्या फ्रेमवर ब्रेकच लागत नाही.