कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला अर्ज करण्याआधी: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी काय पडताळावं

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, "कॉम्प्युटर मिळेल का?" कुठलं कॉम्प्युटर, कुठल्या कॉलेजचं आणि कुठल्या प्रकारच्या जागेवर, याची तुलना मात्र बहुतेक जण अलॉटमेंटनंतर करतात. आता तेवढी उसंत मिळत नाही. 2025-26 पासून कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते. म्हणून तुलना ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी, भरण्याआधीच पुरी करा.

पात्रता सोपी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमात दिलेल्या यादीतला. या तिन्हींत मिळून 45 टक्के लागतात. राज्यातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना 40.

अडचण येते ती होम युनिव्हर्सिटीची, म्हणजे जागावाटपात तुम्ही कुठल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले धरले जाता त्याची. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झाली असेल, तर बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात झाली ते तुमचं होम. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे आहेत. घर कागलला असलं, पण बारावी लातूरला केली असेल, तर होम नांदेडचं लागतं! मग गोकुळ शिरगावच्या केआयटीत किंवा कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटीलमध्ये होमच्या जागांचा कटऑफ तुमच्या कामाचा नाही. कटऑफच्या यादीत हे कोडवरून कळतं: पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी, शेवटचं 'एच' म्हणजे होम, 'ओ' म्हणजे होमबाहेरचं, 'एस' म्हणजे राज्यस्तर. आपल्या कोडचीच ओळ बघा, शेजारच्या मुलाला किती पर्सेंटाइलला मिळालं ते नव्हे.

आता शाखेकडे. कॉम्प्युटर सायन्स, एआय-एमएल, डेटा सायन्स ही नावं ऐकून ठरवू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवरून तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून शेजारीशेजारी ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स पूर्ण आहेत का, प्रॅक्टिकलचे तास किती, हे बघा. एआयचे विषय घालायला यातलंच काही कापलं असेल, तर मी साधं कॉम्प्युटर सायन्स वर ठेवीन. पाया पक्का असला की एआय पुढे शिकता येतं. इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, त्यामुळे एकाच नावाच्या शाखेतही फरक पडतो.

दर्जा तपासणाऱ्या नॅकचं मूल्यांकन अख्ख्या कॉलेजचं असतं, एनबीएचं एकेका शाखेचं. जुन्या मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून नव्या एआय शाखेला असेलच असं नाही. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) 2024-25 पासून प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढल्यावर कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. जागा वाढल्या, तेवढे कायम प्राध्यापक वाढले का, हे कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांनाच विचारा. तुम्ही चार वर्षं देणार आहात, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल (किंवा जन्म महाराष्ट्रात झाल्याचा पुरावा) आणि आधार सगळ्यांनाच लागतात. आरक्षण घेत असाल तर जातीच्या दाखल्यासोबत जातपडताळणी प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावीतच पडताळणी समितीकडे द्या, जूनमध्ये धावपळ करून ते हाती येत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशवर्षाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला घ्या, केंद्राचा चालत नाही.

फीसाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागेवर शिक्षणशुल्क माफ होतं. त्या जागेचा चॉइस कोड (ऑप्शन फॉर्ममध्ये टाकायचा क्रमांक) वेगळा असतो, तो त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर टाका. खुल्या वर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीतल्या (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातल्या) मुलींना याच उत्पन्नमर्यादेत 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. ती व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना लागू नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर स्वतंत्र करावा लागतो.