गिटारचा सूर सारखा उतरतो म्हणजे चाव्या खराब?

"इलेक्ट्रिक गिटार ट्यूनमध्ये राहत नाही? चाव्या बदला" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि पटतंही, कारण सूर लावतो चावीनेच ना. पण चावीत वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) असतो, तारेच्या ताणाने तो सहसा उलटा फिरत नाही. तार अडकते बहुतेकदा नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी) खाचेत, चावी फिरवताना 'टिंक' ऐकू येतं ते तेच.

घरीच बघा, G सुराची तार ट्यून करा, जोरात बेंड करा (दाबून बाजूला ओढा), सूर उतरला की नट आणि चावीच्या मधली तार बोटाने दाबून सोडा. सूर परत वर आला तर दोष नटचाच! खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, माझं तर तेवढ्यात भागलं. तारा नव्या असतील तर आधी हाताने ओढून ताणून घ्या.