पार्श्वभूमी: प्रिंटर शोधणारे ‘कप्स-ब्राउझ्ड’ न मागता संगणकात कसे आले

२०२४ साली इटालियन सुरक्षा संशोधक सिमोने मार्गारितेल्ली आपल्या नव्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवून नेटवर्कवर कोणकोणत्या सेवा कान देऊन बसल्या आहेत ते पाहत होते. त्या यादीत त्यांना यूडीपी ६३१ हे पोर्ट (नेटवर्कवरून संदेश आत येण्याचे क्रमांकित दार) ‘०.०.०.०’ या पत्त्यावर, म्हणजे कोठूनही येणाऱ्या संदेशासाठी, उघडे दिसले. तेथे ऐकत होता तो ‘कप्स-ब्राउझ्ड’ नावाचा, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून काढणारा छोटा प्रोग्राम. माझ्या घरच्या संगणकाला तेव्हा प्रिंटर जोडलेलाच नव्हता, तरीही तपासल्यावर नेमकी हीच ओळ माझ्याही पडद्यावर आली. मूळ स्थापनेत हा प्रोग्राम असावा की नसावा, हा वाद त्यानंतर पेटला असला तरी त्याची मुळे बरीच जुनी आहेत.

लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सवर पूर्वी प्रिंटर जोडणे हे व्यवस्थापकाचे काम असे. ‘प्रिंटकॅप’ फाइलमध्ये प्रत्येक प्रिंटरची नोंद हाताने करावी लागे, आणि प्रिंटर बदलला की तीच दुरुस्ती प्रत्येक संगणकावर पुन्हा करावी लागे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये काम सुरू केलेल्या आणि १९९९ मध्ये लोकांपुढे आलेल्या ‘कप्स’ या छपाई-प्रणालीने ही कटकट संपवली. सर्व्हर ठरावीक वेळाने आपल्या प्रिंटरची घोषणा स्थानिक नेटवर्कवर करी आणि बाकीचे संगणक ती ऐकून आपापली यादी भरत. घोषणा अगदी साधी होती : दोन आकडे, त्यांच्यापुढे प्रिंटरचा पत्ता, आणि हवे तर थोडे वर्णन. ती पाठवणारा कोण, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा एका कार्यालयाच्या चार भिंतींत सगळी यंत्रे ओळखीची असतात हे गृहीत धरलेले होते, आणि त्या काळाच्या मानाने ते गैर नव्हते.

२००७ मध्ये ॲपलने कप्सचे हक्क विकत घेतले आणि स्वीट यांनाही नोकरीवर घेतले. ॲपलचा भर ‘बोंजूर’वर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना आपली ओळख सांगण्याच्या, स्थानिक नेटवर्कपुरत्या मर्यादित मल्टिकास्ट डीएनएस पद्धतीवर होता, लिनक्सवर तेच काम ‘अवाही’ करते. त्यामुळे २०१२ मधल्या कप्स १.६ आवृत्तीतून जुनी घोषणा-पद्धत काढून टाकण्यात आली. मात्र जुने सर्व्हर चालवणाऱ्या असंख्य संस्थांचे प्रिंटर त्यामुळे एका रात्रीत दिसेनासे झाले असते. ही अडचण ओळखून टिल काम्पेटर यांच्या नेतृत्वाखालील ‘ओपनप्रिंटिंग’ या लिनक्सवरील छपाई सांभाळणाऱ्या गटाने ते काम आपल्याकडे घेतले आणि जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती समजणारे कप्स-ब्राउझ्ड तयार केले. संक्रमणकाळासाठी तो पूल आवश्यकच होता. माझा आक्षेप त्या पुलावर नाही. संक्रमण संपल्यावरही त्याची जुनी बाजू सर्वांसाठी खुली राहिली, त्यावर आहे.

ती खुली कशी राहिली, हे समजण्यासाठी उबुंटूचा पाया असलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीतला एक शब्द पाहावा लागतो. तिथे एक पॅकेज, म्हणजे बसवण्याजोगा प्रोग्राम-संच, दुसऱ्यावर ‘अवलंबून’ असू शकते, दुसऱ्याची ‘शिफारस’ करू शकते किंवा दुसरे नुसते ‘सुचवू’ शकते. असाधारण स्थापना वगळता जे सर्वत्र सोबत आढळेल त्याचीच शिफारस करावी, असे डेबियनचे धोरण सांगते, आणि २००९ च्या डेबियन ५.० पासून शिफारस केलेली पॅकेजे आपोआप बसवली जातात. कप्सच्या मुख्य सेवेने कप्स-ब्राउझ्डची शिफारस केली होती. डेबियन कुळात सेवा बसली की ती लगेच सुरूही होते. म्हणजे ‘उपयोगी पडेल’ एवढ्या निर्णयातून, कोणी वेगळा विचार न करता, ‘बाहेरून येणारे ऐकत राहील’ हा दुसरा निर्णयही होऊन गेला. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्समध्ये हेच पॅकेज उपलब्ध होते, पण सेवा मुळात बंद ठेवलेली होती.

दरम्यान मूळ गरज ओसरत गेली. २०१० मध्ये ड्रायव्हरविना छपाई करू देणारे ॲपलचे एअरप्रिंट आले आणि २०१३ मध्ये त्याच धर्तीचे आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक ठरले. आजचा साधा घरगुती प्रिंटर बहुधा आपली माहिती स्वतः सांगतो आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. कप्स स्वतःच अशा प्रिंटरसाठी गरजेपुरती तात्पुरती रांग, म्हणजे यादीतली प्रिंटरची नोंद, तयार करते. मात्र काही प्रोग्रामांच्या छपाईच्या खिडक्यांना या तात्पुरत्या रांगा दिसत नसत, आणि कप्स-ब्राउझ्ड ठेवण्याच्या बाजूने हा मुद्दा खरोखर वजनदार होता. ‘छापा’ म्हटल्यावर यादी रिकामी दिसली, तर सामान्य माणूस पॅकेजांची नावे शोधत बसत नाही. लिनक्सवर छपाई होत नाही, एवढेच तो म्हणतो.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी मार्गारितेल्ली यांनी चार त्रुटींची साखळी जाहीर केली. बाहेरच्या कोणीही ६३१ वर ती जुन्या धाटणीची एक ओळ पाठवावी, कप्स-ब्राउझ्डने त्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती मागावी, आलेली माहिती न तपासता वर्णन-फाइलमध्ये उतरावी, आणि वापरकर्त्याने त्या खोट्या प्रिंटरवर काही छापायला दिले की फाइलीत दडवलेली आज्ञा चालावी, असा तो मार्ग होता. आज्ञा चाले ती छपाईच्या मर्यादित खात्यातून, आणि छापण्याची कृती घडल्याशिवाय ती चालत नसे. म्हणून आधी पसरलेल्या चर्चेइतका धोका मोठा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तरी अकामाई या इंटरनेट-सेवा कंपनीच्या संशोधकांना इंटरनेटवर अशी १,९८,००० हून अधिक यंत्रे उघडी आढळली, आणि त्यांतली ५८,००० हून अधिक इतरांवर संदेशांचा भडिमार करण्यासाठी वापरता येण्याजोगी होती. या दुसऱ्या प्रकारात तर काही छापण्याचीही गरज नव्हती.

यानंतर ओपनप्रिंटिंगने कप्स-ब्राउझ्डमधून जुनी घोषणा-पद्धतच काढून टाकली. उरलेला प्रोग्राम स्थानिक नेटवर्कपुरता ऐकतो, आणि तेवढा तो मूळ स्थापनेत राहू द्यावा असे म्हणणाऱ्यांची बाजू त्यामुळे पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. तरीही मला तो ‘शिफारस’मधून ‘सुचवणे’मध्ये उतरवणे योग्य वाटते. त्याचे जे खास काम आहे, म्हणजे अनेक प्रिंटरांचा एक गट करून येईल ते काम मोकळ्या यंत्राकडे वळवणे, ते मोठ्या संस्थांच्या उपयोगाचे आहे. तिथे छपाई सांभाळणारा माणूस नेमलेलाच असतो, आणि हे पॅकेज बसवायला त्याला एक आज्ञा पुरते.