प्रकाशसक्रिय नॅनोकण

शरीरात सोडल्यावर एरवी बहुतांशी निष्क्रिय राहणारे, पण ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडताच उष्णता, क्रियाशील ऑक्सिजन किंवा टिपता येईल असा संकेत देणारे सूक्ष्म कण. कर्करोगाचे निदान व उपचार या दोन्हींसाठी त्यांचा अभ्यास होतो. १ ते १०० नॅनोमीटर (नॅमी.) ही नॅनोकणाची रूढ व्याख्या येथे काटेकोरपणे पाळली जात नाही, या क्षेत्रातील सर्वाधिक गाजलेला कण, सोन्याचे नॅनोकवच (सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ थर असलेला कण), सुमारे १५० नॅमी. व्यासाचा आहे.

इतिहास : या विषयाचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक नील्स फिन्सेन यांच्यापासून सुरुवात करतात. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या पद्धतीत बाहेरून दिलेले प्रकाशसंवेदी द्रव्य नव्हते. म्हणून म्यूनिक येथील ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांना अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक ठरते. ॲक्रिडीन या रंजकाच्या विरल विद्रावातील पॅरामिशियम हे एकपेशीय जीव कधी लवकर, तर कधी बऱ्याच उशिरा मरतात आणि हा फरक प्रकाशामुळे पडतो, असे त्याला आढळले. हे निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. वादळी हवेमुळे प्रयोगशाळेत पडलेल्या अंधारातून हा शोध लागला, ही कथा पुढे वारंवार सांगितली गेली. ती मनोरंजक असली तरी शोधाचे महत्त्व तिच्यावर अवलंबून नाही. राबचे मार्गदर्शक हेरमान फोन टापायनर यांनी १९०३ मध्ये येसिओनेक यांच्यासह त्वचेच्या कर्करोगावर इओसीन हा रंजक व प्रकाश यांचा एकत्र वापर केला. या क्रियेस ऑक्सिजन लागतो हे त्यांच्याच गटाने दाखवले आणि तिला ‘प्रकाशगतिक’ हे नाव दिले (सामान्यतः १९०४ हे वर्ष दिले जाते). फ्रीड्रिख मायर-बेट्स यांनी १९१२ च्या सुमारास स्वतःला २०० मिग्रॅ. हीमॅटोपॉर्फिरीन हे प्रकाशसंवेदी द्रव्य टोचून घेतले; उन्हात गेल्यावर त्यांचा चेहरा व हात सुजले आणि ही प्रकाशसंवेदनशीलता दीर्घकाळ टिकली. उपचारानंतर रुग्णाला उजेड टाळावा लागतो तो याच गुणधर्मामुळे. १९७० च्या दशकात टॉमस डोहर्टी यांनी बफेलो (अमेरिका) येथे ही प्रकाशगतिक पद्धत रुग्णांपर्यंत नेली; फोटोफ्रिन या प्रकाशसंवेदी औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मान्यता मिळाली.

दुसरी परंपरा, म्हणजे कणांची, भौतिकीतून आली. फॅराडे यांनी १८५७ मध्ये कलिल (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपातील) सोन्याच्या तांबड्या रंगाचा अभ्यास केला, तर गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. दोन्ही परंपरांची गाठ नक्की केव्हा पडली हे सांगणे कठीण असले, तरी नेओमी हॅलस व जेनिफर वेस्ट यांच्या गटाचे २००३ चे नॅनोकवचांवरील काम हा सोयीचा टप्पा मानता येईल.

कार्यपद्धती : सोन्याच्या कणातील मुक्त इलेक्ट्रॉन विशिष्ट तरंगलांबीला एकत्र आंदोलित होतात व शोषलेली ऊर्जा उष्णतेत बदलते. लहान गोल कणांत हे शोषण ५२० नॅमी.च्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात होते. असा प्रकाश ऊतकांत निरुपयोगी ठरतो, कारण हीमोग्लोबिन तो आधीच शोषून घेते. सुमारे ६५० ते ९५० नॅमी. या पट्ट्यात हीमोग्लोबिन व पाणी या दोहोंचे शोषण तुलनेने कमी असते. शोषण तेथे सरकवण्यासाठी कण लांबट करतात (नॅनोदंड) किंवा सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ थर चढवतात. गाभा व थर यांच्या जाडीच्या प्रमाणावर तरंगलांबी ठरते. मात्र तीव्र स्पंदित लेसरखाली नॅनोदंड वितळून गोल होतात आणि त्यांचे अवरक्त शोषण नाहीसे होते.

प्रकाशगतिक क्रियेत कणावरील रंजक ऑक्सिजनला उत्तेजित करतो. हा ऑक्सिजन पेशीत काही मायक्रोसेकंदच टिकतो, त्यामुळे इजा पेशीच्या एका अंशापुरती राहते. अर्बुदाच्या (कर्करोगाच्या गाठीच्या) आतील भागात मुळात ऑक्सिजनच कमी असतो, ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. ऊर्ध्वपरिवर्तक कण ९८० नॅमी.चा अवरक्त प्रकाश घेऊन दृश्य प्रकाश देतात व तो रंजकाला पुरवतात. पण ९८० नॅमी.ला पाणीही तापते.

निदान : अनुस्फुरण (शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत देणे) व प्रकाश-ध्वनी प्रतिमांकन या मुख्य पद्धती. दुसरीत प्रकाशाच्या स्पंदाने कण क्षणभर तापून प्रसरण पावतात व निर्माण होणारे श्राव्यातीत तरंग टिपले जातात. या परिणामाचा शोध ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये लावला होता.

अर्बुदापर्यंत पोहोच : मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये असे मांडले की अर्बुदातील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे रेणू तेथे साचतात. पुढील दोन दशके नॅनोवैद्यकाची बरीचशी मदार या कल्पनेवर होती. परंतु २०१६ मधील एका व्यापक आढाव्यात, दिलेल्या मात्रेपैकी मध्यक ०·७ टक्काच अर्बुदात पोहोचतो असे दिसले. पुष्कळ कण यकृत व प्लीहा अडवतात. टोरंटो येथील वॉरन चॅन यांच्या गटाने २०२० मध्ये, कण फटींतून न गळता मुख्यतः वाहिन्यांच्या अस्तरपेशींतून सक्रियपणे नेले जातात, असा पुरावा दिला. हा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांत अधिक भक्कम आहे. तरी जुने स्पष्टीकरण एकट्याने पुरेसे नाही, याकडे आता कल झुकलेला दिसतो.

सद्यस्थिती : प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील नॅनोकवचांच्या चाचणीचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ रुग्णांना शिरेतून कण देऊन नंतर ग्रंथीत लेसर तंतू घातला गेला. १५ जणांत उपचार पूर्ण झाला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सोन्याचे कण शरीराबाहेर फार सावकाश जातात. म्हणून विघटन होऊ शकणारे पर्याय, उदा., पॉर्फिरीन-लिपिडांच्या पिशव्या (२०११), पुढे आले.