सी-१ की सी-२ए? आधी कागद नीट वाचा

"नोटीस आलीय, बिल्डिंग खाली करा म्हणतात." पावसाळा तोंडावर आला की हे वाक्य ठरलेलं. मी विचारतो, सी-१ आहे की सी-२ए? उत्तर येतं, "धोकादायक लिहिलंय." अहो, धोकादायक तर दोन्ही!

पालिका अशा इमारतींना किती बिघडल्या त्यावरून चार वर्ग देते. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी, सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती. त्यात कुणी अडकत नाही. घोळ वरच्या दोघींचा, कारण घर दोन्हींत सोडावं लागतं. सी-१ अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून खांब-तुळया दुरुस्त करायच्या आणि मग परत राहायला यायचं. नोटिशीतलं नुसतं कायद्याचं कलम बघून हे कळत नाही. मुंबईतलं कलम ३५४ घ्या किंवा ठाण्या-पुण्याकडचं २६४, पाडणं, आधार देणं, दुरुस्त करणं हे तिन्ही त्यात बसतं. म्हणून वर्ग वाचायचा, कलम नव्हे.

एवढं लोकांना सांगून पटतं. पटत नाही ते पुढचं: शेवटचं बिऱ्हाड गेल्यावर इमारतीचं काय करायचं?

सी-१ असेल तर काम एकच, पाडेपर्यंत आत कुणाला जाऊ द्यायचं नाही. वीज, पाणी, गॅस तोडा, रस्त्याच्या बाजूला पत्रे ठोका. भेगा बुजवून रंग काढणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. गिलाव्याने खांबाला जोर येत नाही, फक्त भेग दिसेनाशी होते.

सी-२ए असेल तर उलट, ती उभी ठेवायची आहे. टेकू हवेत, तेही इंजिनिअरने दाखवलेल्या जागी. गच्चीवरची टाकी रिकामी करा; हजार लिटर पाणी म्हणजे डोक्यावर एक टन. गच्चीची पन्हाळी मोकळी ठेवा, छज्जातला पिंपळ हाताएवढा होण्याआधी काढा. आणि दुरुस्तीची तारीख ठरवा! आमच्या मागच्या गल्लीतली एक इमारत दुरुस्तीसाठी रिकामी झाली, मग वर्गणीवरून भांडणं लागली. तिसऱ्या पावसाळ्यात मागची गॅलरी खाली आली. सुदैवाने खाली फक्त एक स्कूटर होती. सी-२ए तशीच पडून राहिली की ती आपोआप सी-१ होते, त्यासाठी नोटीस लागत नाही.

कागदावर मात्र उलटा प्रवासही होतो. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत पालिकेने आधी अतिधोकादायक ठरवली होती. नंतर दुसऱ्या ऑडिटने, म्हणजे इंजिनिअरच्या तपासणीने, ती दुरुस्तीजोगी ठरली. २७ जून २०२२ च्या रात्री ती कोसळली आणि १९ माणसं गेली. दोन अहवाल जुळत नसतील तर मुंबईत पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचं असतं, मनासारखा अहवाल देणारा तिसरा माणूस शोधायचा नसतो.

लोक सी-१ला का घाबरतात तेही मला कळतं. भाडेकरूला वाटतं, भिंत पडली की हक्क गेला. तसं नाही. इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट सांगितलंय. फक्त पाडण्याआधी आपल्या खोलीचं चटई क्षेत्र मोजून घ्या, भाडेकरूंच्या यादीत आपलं नाव बघा आणि त्याची प्रत हातात आल्यावरच ट्रंका उचला. नंतर ढिगाऱ्यातून खोली मोजता येत नाही.

मालकाचा गैरसमज याच्या बरोबर उलटा: चाव्या मिळाल्या, सुटलो. रिकामी असो, भरलेली असो, वर्ग कुठलाही असो, नोटीस मालकाच्याही नावाची असते. सज्जा रस्त्यावर पडला तर "आत कुणी राहत नव्हतं" हे उत्तर होत नाही.

परवा एका सी-१ इमारतीत रात्री दुसऱ्या मजल्यावर दिवा दिसला. चौकशी केली तर मालक म्हणाले, "काही नाही हो, वॉचमन झोपतो. लक्ष राहतं." मी त्यांना तिथेच वॉचमनला हाक मारायला लावली, आणि त्याची खाट फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे हलवेपर्यंत उभा राहिलो.